चार शहरांच्या चार भिंती

गतवर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेच्या मागील आवाराच्या भिंतीवर कोणा विद्यार्थ्यानें कोळशानें एक चित्र काढिलें होतें. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आणि तिच्या मागें चालणारें एक मूल, एवढेंच तें चित्र. शिस्तीच्या दृष्टीनें आम्हीं शिपायास बोलावून त्याच दिवशीं त्या भिंतीस सफेती देवविली. दुसर्‍या दिवशीं तास संपल्यावर आठवींतील एक मुलगा आमच्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला व खालीं पाहत म्हणाला, “सर, चित्र वाईट होतें, कीं भिंत आपली नव्हती ?”

त्या प्रश्नास आम्हीं त्या वेळीं कांहीं तरी उत्तर दिलें. परंतु तें आमचें आम्हांसच पटलें नाहीं. प्रश्न मनांत घोळत राहिला, व त्या निमित्तानें शहरांतील सार्वजनिक भिंतींवर काढलेल्या चित्रांचा इतिहास आम्ही वाचूं लागलों. तेव्हां असें दिसून आलें कीं, आमच्या विद्यार्थ्यानें विचारलेला हा प्रश्न मोठमोठ्या शहरांत, मोठमोठ्या माणसांनीं एकमेकांस विचारलेला आहे, आणि त्याचीं उत्तरेंहि निरनिराळीं दिलीं आहेत. त्यांपैकीं चार भिंतींची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चौकटींतील चित्राला एक धनी असतो. तो तें आपल्या दिवाणखान्यांत लावील, विकील, किंवा नको झाल्यास माळ्यावर टाकून देईल. त्यांत दुसर्‍या कोणाचें कांहीं जात नाहीं. भिंतीवरील चित्राची स्थिति तशी नाहीं. तें हलवितां येत नाहीं व झांकूनहि ठेवतां येत नाहीं. न्यायाधीश व हमाल, शिक्षक व निरक्षर, गांवकरी व परदेशीय प्रवासी या सर्वांच्या दृष्टीस तें सारखेंच पडतें. भिंत एका माणसाच्या मालकीची असली तरी तिच्यावर पडणारी नजर सर्वांच्या मालकीची असते. भांडणाचें मूळ तेथेंच आहे.

अशीं चित्रें काढण्याची एक जुनी रीतहि विद्यार्थ्यांस ठाऊक असावी. भाजलेली चुनकळी पाण्यांत विरवून ती पुष्कळ दिवस मुरूं देतात. मग तींत वाळू किंवा संगमरवराची भुकटी मिसळून गवंडी भिंतीवर शेवटचा पातळ गिलावा चढवितो. मात्र चित्रकाराच्या हातून एका दिवसांत पुरें होईल एवढ्याच भागावर. गिलावा ओला आहे तोंच चित्रकार नुसत्या पाण्यांत वाटलेले रंग त्यावर लावतो. त्यांत तेल नाहीं, डिंक नाहीं. गिलावा वाळतांना चुना हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु शोषून घेतो आणि पुनः दगडासारखा होतो. रंग त्या दगडांत कायमचे अडकून बसतात. आपल्या अजिंठ्याचीं चित्रें सुकलेल्या गिलाव्यावर चिकट द्रव्यांत कालविलेल्या रंगांनीं काढलेलीं असल्यामुळें तीं याहून निराळ्या जातीचीं आहेत. ओल्या गिलाव्याच्या रीतींत चूक झाली तर ती पुसतां येत नाहीं. तेवढा तुकडा छिन्नीनें काढून नवा गिलावा करावा लागतो. म्हणून असें चित्र नष्ट करावयाचें तर एक सफेतीखालीं पुरावें लागतें, नाहीं तर हातोड्यानें फोडावें लागतें. पुढील हकीकतींत या दोन्ही गोष्टी येणार आहेत.

१. शाळेची भिंत : मेक्सिको शहर

मेक्सिको देशांत १९१० सालीं राज्यक्रांतीस आरंभ झाला व पुढें सुमारें दहा वर्षें तो देश यादवीनें पोळून निघाला. युद्ध शमल्यावर १९२१ सालीं होसे वास्कोन्सेलोस हे विद्वान गृहस्थ तेथील शिक्षणमंत्री झाले. देशांतील बहुसंख्य लोकांस अक्षरओळख नव्हती. खेडोपाडीं शिक्षक पाठविणें, ग्रंथालयें उघडणें हीं कामें त्यांनीं हातीं घेतलींच. परंतु ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाहि पाहतां येतें हें ओळखून त्यांनीं सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या स्वाधीन केल्या. या चित्रकारांत तिघे पुढें जगप्रसिद्ध झाले : दिएगो रिव्हेरा (१८८६–१९५७), होसे क्लेमेंते ओरोस्को (१८८३–१९४९) आणि दाविद अल्फारो सिकेरोस (१८९६–१९७४). कला ही धनिकांच्या दिवाणखान्यांत अडकून न राहतां सर्वांची व्हावी, असा जाहीरनामा या मंडळींच्या संघानें १९२३ च्या अखेरीस काढला.

आरंभींचीं चित्रें ज्या इमारतींत काढलीं गेलीं ती एक शाळाच होती. जेसुइट मिशनर्‍यांच्या जुन्या सान इल्देफोन्सो विद्यालयाच्या इमारतींत त्या वेळीं सरकारी पूर्वतयारी विद्यालय भरत असे. तेथील अंगणाभोंवतालच्या भिंतींवर ओरोस्को चित्रें काढीत होता. तरुणपणीं बंदुकीच्या दारूच्या स्फोटांत त्याचा डावा हात गेला होता. उरलेल्या एका हातानें परांचीवर उभें राहून तो काम करी. १९२४ सालीं त्याच्या व सिकेरोसच्या चित्रांची मोडतोड झाली, व ती करणारे कोणी परके शत्रु नव्हते, त्याच शाळेचे विद्यार्थी होते ! चित्रें ओबडधोबड आहेत, आपल्या शाळेस शोभत नाहींत, असें त्यांस वाटलें. काम बंद पडलें आणि चित्रकारांस घरीं जावें लागलें.

दोन वर्षांनीं, १९२६ सालीं, ओरोस्कोला पुनः बोलावण्यांत आलें. तेव्हां त्यानें पूर्वींच्या कामांपैकीं कांहीं स्वतःच काढून टाकून नवीन चित्रें काढलीं. त्यांत “खंदक” नांवाचें एक आहे. तांबड्या पार्श्वभूमीवर तीन लढवय्ये आहेत. मधला हात पसरून दगडांवर कोसळला आहे, आणि बाजूचा एक गुडघे टेकून तोंड झांकून आहे. विजयाचें निशाण नाहीं, सेनापति नाहीं. क्रांतीचें गुणगान करण्याऐवजीं तिची किंमत किती पडली हें तें चित्र सांगतें. ज्या इमारतींत हीं चित्रें फोडलीं गेलीं तिचें आज संग्रहालय झालें आहे, व परदेशचे लोक तीं पाहण्यास येतात.

त्याच शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतींत रिव्हेरानें १९२३ ते १९२८ पर्यंत दोनशेंहून अधिक चित्रभाग रंगविले. त्यांतील “ग्रामशिक्षिका” हें चित्र आम्हां शिक्षकांच्या विशेष जिव्हाळ्याचें आहे. उघड्या माळावर एक बाई पुस्तक हातीं घेऊन जमिनीवर बसली आहे. तिच्या भोंवतीं मुलें आहेत, तशींच मोठीं माणसेंहि आहेत. मागें शेताचें काम चाललें आहे आणि जवळच घोड्यावर बसलेला एक हत्यारबंद शिपाई या वर्गाची राखण करीत आहे. शाळेला भिंतीच नाहींत. आणि तिचें चित्र मात्र शिक्षणखात्याच्या भिंतीवर आहे.

२. राखलेली भिंत : डेट्रॉइट

रिव्हेराची कीर्ति अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोंचली, व १९३२ सालीं मोटारींच्या धंद्याकरितां प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहराच्या कलासंग्रहालयानें त्याला बोलावलें. खर्च हेन्री फोर्ड यांचे चिरंजीव एडसेल फोर्ड यांनीं सोसला. तो काळ मंदीचा व बेकारीचा होता. रिव्हेरानें फोर्ड कंपनीचा अवाढव्य कारखाना आंतून पाहिला, आणि १९३३ च्या मार्चपर्यंत संग्रहालयाच्या मधल्या चौकाच्या चारही भिंतींवर मिळून २७ चित्रभाग पुरे केले. त्यांत यंत्रें आहेत, भट्ट्या आहेत, आणि त्यांच्यामध्यें वाकून, ताणून, ढकलून काम करणारे मजूर आहेत.

वादळ उठलें तें एका लहानशा चित्रभागावरून. एक बाळ उभें आहे. पांढर्‍या टोपीच्या परिचारिकेनें त्याला धरलें आहे व डॉक्टर त्याच्या दंडावर लस टोंचीत आहे. पुढें घोडा, बैल व मेंढ्या उभ्या आहेत. मागें तीन शास्त्रज्ञ कामांत गढले आहेत. पाहणार्‍यांस ख्रिस्तजन्माचा देखावा ताबडतोब आठवला : बाळ येशू, मरिया, योसेफ, गव्हाणीजवळचीं जनावरें आणि पूर्वेकडील तीन मागी. हा पवित्र प्रसंगाचा उपहास आहे अशी ओरड कांहीं धर्मोपदेशकांनीं व इतरांनीं केली. सगळीं चित्रें सफेतीखालीं घालावीं, अशी सूचना शहरांतील एका वृत्तपत्रानेंहि छापली.

आम्हांस कबूल केलें पाहिजे कीं, या चित्राची प्रतिकृति प्रथम पाहिली तेव्हां आमच्याहि मनास धक्का बसला. परंतु दुसर्‍या वेळीं पाहतांना जनावरांकडे लक्ष गेलें. तीं शोभेसाठीं उभीं केलेलीं नाहींत. रोगप्रतिबंधक लस व रक्तद्रव तयार करण्याच्या कामीं अशींच जनावरें उपयोगी पडत. मुलांस मृत्यूच्या दारांतून परत आणणारी विद्या चित्रकाराला त्या पवित्र देखाव्याच्या तोडीची वाटली. यांत उपहास आहे कीं आदर आहे, हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण ठरविण्यापूर्वीं दोनदां पाहावें.

एडसेल फोर्ड व संग्रहालयाचे प्रमुख विल्यम व्हॅलेंटायनर हे ठाम राहिले, व चित्रें वांचलीं. पुढें २०१३ च्या जुलैंत डेट्रॉइट शहराचें दिवाळें निघालें, तेव्हां संग्रहालयांतील चीजवस्तु विकून सावकारांचें देणें भागवावें कीं काय, असा प्रश्न उभा राहिला. अखेर २०१४ सालीं धर्मादाय संस्था, संस्थानाचें सरकार व देणगीदार यांनीं मिळून ८० कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. तिच्यामुळें संग्रह शाबूत राहिला, व शहराच्या सेवानिवृत्त नोकरांच्या पेन्शनीसहि आधार मिळाला.

३. फोडलेली भिंत : न्यूयॉर्क

डेट्रॉइटचें काम आटोपून रिव्हेरा न्यूयॉर्कला गेला. तेथें रॉकफेलर सेंटर या नव्या इमारतींच्या समूहांतील मुख्य इमारतीच्या दालनांत एक मोठें चित्र काढण्याचें त्यानें पत्करलें होतें. विषय असा : चव्हाट्यावर उभा असलेला मनुष्य आशेनें नव्या भविष्याकडे पाहत आहे. त्याचा मोबदला २१,००० डॉलर ठरला होता. रिव्हेरा मतानें कम्युनिस्ट होता, हें काम देणार्‍यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. काम बरेंच पुढें गेल्यावर चित्रांत मजुरांचे हात जुळविणार्‍या लेनिनचा चेहरा दिसूं लागला. तेव्हां चोवीस वर्षांचे नेल्सन रॉकफेलर यांनीं १९३३ च्या मेच्या आरंभीं पत्र लिहून त्या जागीं कोणा अनामिकाचा चेहरा घालण्याची विनंती केली. रिव्हेरानें नकार दिला. मात्र तोल राखण्यासाठीं दुसर्‍या बाजूस लिंकनसारख्या पुरुषाचें चित्र घालण्याची तयारी दाखविली. ९ मे रोजीं त्याला परांचीवरून खालीं बोलावण्यांत आलें, ठरलेल्या मोबदल्याची राहिलेली रक्कम हातीं देण्यांत आली व काम बंद करण्यांत आलें. चित्रावर कापड ताणलें गेलें, आणि १९३४ च्या फेब्रुवारींत एके रात्रीं तें भिंतीवरून फोडून काढण्यांत आलें.

येथें दोन्ही पक्षांचें म्हणणें विद्यार्थ्यांनीं नीट तोलून पाहावें. इमारत रॉकफेलर यांची, पैसा त्यांचा, आणि मंजूर झालेल्या आराखड्यांत तो चेहरा नव्हता. ज्यानें भिंत दिली त्याला न विचारतां त्याच्या भिंतीवरून बोलणें हें सरळपणाचें नव्हे, असें म्हणतां येईल. उलट पक्षीं, पैसे चुकते केले म्हणजे दुसर्‍याचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम फोडून टाकण्याचा हक्क प्राप्त होतो काय ? कायद्यानें त्या काळीं तो होत होता. परंतु कायद्यानें जें करतां येतें तें सर्व करावेंच असें नाहीं.

शिवाय चित्र खरोखर मेलें असेंहि झालें नाहीं. काम बंद पडण्यापूर्वीं रिव्हेराच्या एका साहाय्यक बाईनें गुपचूप त्याचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. रिव्हेरानें १९३४ सालींच मेक्सिको शहरांतील ललितकला-प्रासादांत तेंच चित्र पुनः काढलें, व त्यांत चैन करीत बसलेल्या मंडळींत नेल्सन रॉकफेलर यांच्या वडिलांचाहि चेहरा घातला. म्हणजे विवेकाची जागा सूडानें घेतली ! न्यूयॉर्कच्या त्या भिंतीवर पुढें होसे मारिया सेर्त या स्पॅनिश चित्रकाराचें चित्र लागलें, व त्यांत लिंकनची मूर्ति आहे. रिव्हेरानें देऊं केलेला लिंकन नाकारला गेला होता. तो दुसर्‍याच्या हातून त्याच भिंतीवर आला.

४. झांकलेली भिंत : लॉस एंजेलिस

चौथी भिंत याच सुमाराची आहे. १९३२ सालीं सिकेरोस मेक्सिकोंतून परागंदा होऊन लॉस एंजेलिस शहरांत आला होता. तेथें ओल्व्हेरा स्ट्रीट नांवाचा एक लहान रस्ता जुन्या मेक्सिकन बाजाराच्या थाटानें नटवून १९३० पासून प्रवाशांसाठीं खुला केलेला होता. त्या रस्त्याजवळील एका इमारतीच्या दुसर्‍या मजल्याची, सुमारें ८० फूट लांब व १८ फूट उंच अशी बाहेरची भिंत सिकेरोसला देण्यांत आली. विषय ठरला “उष्ण कटिबंधांतील अमेरिका”. देणार्‍यांची कल्पना अशी कीं, दाट झाडी, फळें व सुखी माणसें यांचें एक मनोहर दृश्य निघेल. ओल्या चुन्याऐवजीं सिमेंट व हातांतील कुंचल्याऐवजीं रंग फवारण्याचें यंत्र वापरून सिकेरोसनें काम चालविलें. झाडी आली, जुन्या मंदिराचे अवशेष आले. मधली जागा मात्र रिकामी होती. ९ ऑक्टोबर १९३२ रोजीं चित्र उघडें करावयाचें होतें. आदल्या रात्रीं त्यानें एकट्यानें मधली आकृति काढली.

सकाळीं लोकांनीं पाहिलें तों मंदिरासमोर मेक्सिकोचा एक मूळ रहिवासी क्रुसावर बांधलेला, आणि क्रुसाच्या शेंड्यावर अमेरिकेचा गरुड पंख पसरून बसलेला ! त्या वर्षांत मंदीच्या कारणानें हजारों मेक्सिकन कुटुंबें त्या प्रदेशांतून मेक्सिकोंत परत धाडलीं जात होतीं. ज्या रस्त्यावर मेक्सिकोचा रंगीबेरंगी पोशाख विकला जाई त्या रस्त्याच्या माथ्यावर हें चित्र उभें राहिलें. रस्त्यावरून दिसणारा भाग कांहीं काळांतच सफेतीखालीं गेला, आणि पुढील कांहीं वर्षांत सगळें चित्र झांकलें गेलें. सिकेरोसला त्या देशांत अधिक राहण्याची परवानगी मिळाली नाहीं.

क्रुसाचा असा उपयोग केलेला पाहून ख्रिस्ती मनुष्याला संकोच वाटणें साहजिक आहे. परंतु ज्याला आम्ही क्रुसावर पाहतों तोहि परक्या सत्तेखालीं दडपलेल्या लोकांतलाच एक होता, हें विसरून चालणार नाहीं. हें चित्र पाहून ज्यांस राग आला त्यांस क्रुसाचा अपमान झाला म्हणून राग आला, कीं गरुडाचा, हें त्यांनीं आपल्या मनास विचारावयास हवें होतें.

तीस-पस्तीस वर्षें गेलीं. ऊन-पावसानें सफेतीचे पापुद्रे सुटूं लागले, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस खालची आकृति पुसट दिसूं लागली. त्या वेळीं त्या शहरांतील मेक्सिकन वंशाचे तरुण आपले हक्क मागूं लागले होते. आपल्या आजोबांच्या काळीं झांकलेलें चित्र आपोआप वर येत आहे हें पाहून त्यांस काय वाटलें असेल याची कल्पना करावी. १९८८ पासून गेटी संस्थेच्या तज्ज्ञांनीं त्याच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. नाहींसे झालेले रंग त्यांनीं नव्यानें भरले नाहींत. जें उरलें तेवढेंच जपलें. ९ ऑक्टोबर २०१२ रोजीं, म्हणजे बरोबर ८० वर्षांनीं, तें चित्र लोकांस पुनः खुलें झालें. सिकेरोस १९७४ सालींच वारला होता.

याच शहराची आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९७६ सालीं जूडिथ बाका नांवाच्या चित्रकर्त्या बाईंनीं पुराचें पाणी वाहून नेणार्‍या एका पक्क्या कालव्याच्या भिंतीवर चित्र काढण्यास आरंभ केला. त्यांनीं चारशेंहून अधिक मुलामुलींस कामास लावलें. त्यांतील कित्येक गुन्ह्यांच्या पायीं पोलिसांच्या हातीं सांपडलेलीं होतीं. निरनिराळ्या वंशांचीं हीं मुलें प्रथम एकमेकांशीं बोलत नसत. आपापल्या लोकांचा इतिहास शोधून काढणें, त्यावर चर्चा करणें आणि मग तो रंगविणें, अशी रीत होती. काम सुरू झाल्यावर बाका मेक्सिकोस जाऊन सिकेरोसच्या कार्यशाळेंत भित्तिचित्रांची रीतहि शिकून आल्या. १९८३ पर्यंत पांच उन्हाळ्यांत मिळून हें चित्र सुमारें अर्धा मैल लांब झालें. एक भिंत सफेतीनें झांकणार्‍या शहरांत दुसरी भिंत मुलांच्या हातांनीं बोलूं लागली.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. वरील चार भिंतींचें तात्पर्य आम्हांस असें दिसतें. सार्वजनिक भिंत सर्वांची असते, म्हणून तिच्यावर काढणार्‍यानें सर्वांचा विचार करावा व धन्यास विचारावें, हें योग्यच आहे. परंतु सर्वांची असते म्हणूनच एकट्यानें, एका दिवसांत, चर्चा न करतां ती पुसून टाकणेंहि योग्य नव्हे. डेट्रॉइटच्या लोकांनीं न आवडणारें चित्र राहूं दिलें, म्हणून त्यांच्या नातवंडांस त्याविषयीं स्वतःचें मत बनवितां आलें. न्यूयॉर्कच्या भिंतीनें ती संधि कायमची गमावली. लॉस एंजेलिसला ती परत मिळाली, पण रंग उडून गेल्यावर.

तेव्हां, बाळा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर असें आहे : भिंत आपलीच होती आणि चित्रहि वाईट नव्हतें. तें काढणार्‍यानें विचारावयास हवें होतें, ही त्याची चूक. आणि आम्हीं पुसण्यापूर्वीं पाहावयास हवें होतें, ही आमची. त्या म्हातारीच्या डोक्यावरचा भारा किती जड होता, तिच्या मागचें मूल कोठें चाललें होतें, हें आतां आम्हांस सांगतां येत नाहीं. कारण आम्हीं तेवढा वेळ तिच्यासमोर उभे राहिलोंच नाहीं.

मुख्याध्यापकांच्या संमतीनें मागील आवाराची ती भिंत येत्या हिवाळ्यापासून विद्यार्थ्यांच्या चित्रांसाठीं मोकळी ठेवण्याचें ठरलें आहे. विषय वर्गांत चर्चा करून निवडावा, व काढलेलें चित्र निदान एक वर्ष कोणीं पुसूं नये, एवढे दोनच नियम राहतील. पालकांनींहि येऊन पाहावें, आणि न आवडल्यास तसें मुलांशीं बोलावें. तें कोळशाचें चित्र काढणारा विद्यार्थी कोण हें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं. तो हा लेख वाचीत असेल तर त्यानें निःशंकपणें आमच्याकडे यावें. शिक्षा होणार नाहीं. ती म्हातारी त्यानें पुनः काढावी, एवढीच आमची इच्छा आहे.